सुताचा विसावा भाग

नारायणगावच्या टोमॅटो बाजाराबाहेर जुनी पिकअप विकायला उभी असली की गिऱ्हाइकाचे प्रश्न ठरलेले असतात. क्रेट किती बसतात? अ‍ॅव्हरेज काय देते? घाटात दम खाते का? घाटात म्हणजे चढताना. उतरताना गाडी काय करते हे विचारायची पद्धत नाही. उतरताना प्रत्येक गाडी उतरतेच, त्यात तिचं कौतुक काय करायचं! ब्रेक दाबून बघणारा माणूस मी त्या बाजारात अजून पाहिलेला नाही. हॉर्न मात्र सगळे वाजवून बघतात, कारण आमच्याकडे थांबण्याचं मुख्य साधन तेच: आपण वाजवायचा, समोरच्याने थांबायचं.

खरं तर जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांनी ब्रेकवर ओव्या रचायला हव्या होत्या. इकडे माळशेज, भीमाशंकरच्या वाटेवर पोखरीचा घाट, पूर्वेला आणे घाट. लांबलचक सपाट रस्ता लागला तर वाट चुकल्यासारखं वाटावं असा हा मुलूख. पण इथल्या माणसाचा जीव पळण्यात. बैलगाडा शर्यत घ्या. चार जनावरं, पुढे घोडी, चढाचा घाट आणि अकरा-बारा सेकंदांची बारी. त्या गाड्याला ब्रेक नावाचा भाग नसतो. चढाने बैल थांबतात. नाही थांबले तर पुढे शेत असतंच. बैलगाड्याला खरा ब्रेक लागला तो मे २०१४ मध्ये, आणि तो सुप्रीम कोर्टाने लावला. चांगला घट्ट लागला होता. डिसेंबर २०२१ पर्यंत सुटला नाही. मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला, तेव्हा कुठे गाडामालकांनी मोकळा श्वास घेतला.

त्या घाटात वेळ मोजतात ती सेकंदाचे शंभर भाग करून. दोन पॉइंटांवरून दोन गावांची सोयरीक मोडू शकते. पण त्याच गाडामालकाला त्याच्या पिकअपच्या ब्रेकबद्दल विचारा, उत्तर एकच: "लागतोय की!"

अशा ठिकाणी माझ्या वाट्याला सासऱ्यांची प्रीमियर ११८ एनई आली. १९९१ चं मॉडेल, रंग पांढरा होता असं कागदपत्रं सांगतात. या गाडीची कुळकथा सांगायला हवी. मूळ घराणं इटलीचं: फियाट १२४, युरोपात १९६७ ची सर्वोत्तम मोटार ठरलेली. पुढे स्पेनच्या सियाट कंपनीकडे वाढली, तिकडून वालचंद शेठजींच्या प्रीमियरमध्ये नांदायला आली आणि १९८५ मध्ये निस्सानचं ११७१ सीसीचं इंजिन घेऊन आपल्या रस्त्यावर उतरली. एनई म्हणजे निस्सान इंजिन. हिचीच सख्खी बहीण रशियात घडून देशोदेशी लाडा नावाने नांदली. एवढ्या देशांचं पाणी प्यायलेली गाडी, पण घोडेगावच्या पंपावरचा पोरगा विचारतो, "सर, ही पद्मिनीच ना, थोडी चपटी झालेली?"

पद्मिनी नव्हे. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक. हिला पुढे डिस्क. त्या काळात पुढच्या चाकांत डिस्क असणं ही पाहुण्यांना बोनेट न उघडता सांगायची गोष्ट होती आणि सासरे ती सांगत. बाकी सरकारच्या लेखी या गाडीला काही स्थान नाही. २०२१ च्या नियमाप्रमाणे व्हिंटेज म्हणायला पन्नास वर्षं पुरी व्हावी लागतात. म्हणजे २०४१ पर्यंत ही गाडी घरात क्लासिक, आरटीओत जुनी आणि शेजारी भंगार.

आता दुखणं. भीमाशंकरहून परतताना तळेघर मागे टाकलं, पोखरीचा घाट सुरू झाला, आणि पहिल्याच वळणावर ब्रेक दाबला तेव्हा स्टेअरिंग हातात थरथरायला लागलं. पाय उचलला की शांत. दाबला की पुन्हा थरथर. पेडलसुद्धा पायाखाली नाडी लागल्यासारखं उडत होतं. ताशी चाळीसच्या वेगाला या गाडीचं चाक सेकंदाला साधारण सहा फेरे घेतं. म्हणजे सेकंदाला सहा हिसके. मागच्या सीटवर सासूबाई होत्या. त्यांनी डिंभ्याचं पाणी दिसेपर्यंत काही म्हटलं नाही. मग एवढंच म्हणाल्या, "ह्यांच्या हातात असताना नव्हती हो अशी थरथरत."

घोडेगावला चहाला थांबलो आणि बोनेट न उघडताच निदान सुरू झालं. आमच्याकडे गाडी उभी करून तिच्याकडे नुसतं चिंतातुर बघितलं की तज्ज्ञ जमतात. एक म्हणाला अलाइनमेंट. दुसरा म्हणाला बॅलन्सिंग, शिसं पडलं असणार. तिसऱ्याने खाली वाकून न बघता सांगितलं, "रॉड एंड गेलेत." चौथ्याचा मोर्चा थेट माझ्याकडे: "तुम्ही घाटात ब्रेकवर फार येताय सर. गिअरवर उतरवायची." हे बरोबरच होतं, पण गिअरवरच उतरवत होतो हे सांगितलं तर चर्चा आणखी लांबली असती. शेवटी चहावाल्याने, ज्याच्याकडे सायकलसुद्धा नाही, निकाल दिला: "डिस्क वाकली."

ब्रेक दाबल्यावरच थरथरते, नाहीतर नाही, यावरून अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग दोन्ही निर्दोष सुटायला हवी होती. चाकाचं शिसं पडलं तर गाडी ब्रेकची वाट बघत नाही, भर रस्त्यात नाचते. पण तर्कशास्त्र आणि अलाइनमेंटचं दुकान यांत आधी लागतं ते दुकान. अलाइनमेंट झाली. बॅलन्सिंग झालं. गाडी सरळ रेषेत थरथरू लागली.

मग एका गॅरेजमध्ये डिस्क काढून लेथवर मारून आणल्या. आठवडाभर गाडी लोण्यासारखी थांबत होती. दोन महिन्यांनी परत तेच. "मग डिस्कच बदला," असा निर्णय झाला. ११८ एनईच्या नव्या डिस्का मिळवणं हा स्वतंत्र उद्योग आहे. नाना पेठेतल्या दुकानदारांना नुसतं नाव सांगितलं तरी ते डोळे मिटून घेतात. एखाद्या गेलेल्या माणसाची चौकशी केल्यासारखं वाटतं. शेवटी तिथल्याच एका माळ्यावरून, वर्तमानपत्रात गुंडाळलेली, ग्रीस लावलेली जोडी निघाली. बसवली. पुन्हा काही दिवस सुख आणि पुन्हा थरथर. आता गॅरेजवाल्याने जे गॅरेजवाले शेवटी करतात ते केलं: रस्त्याला दोष दिला.

या ठिकाणी फ्रेडरिक लँचेस्टर नावाच्या इंग्रज गृहस्थांची आठवण काढणं भाग आहे. बर्मिंगहॅमच्या या माणसाने १९०२ मध्ये डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. फिरणारी तबकडी, दोन्ही बाजूंनी चिमटा, थांबली गाडी. कल्पना नामी, पण चिमट्याला तांबं लावलेलं. त्यामुळे ब्रेक दाबला की अशी किंचाळी निघायची की लोकांनी नमस्कार केला. पुढे पन्नास वर्षं जग ड्रमवर थांबत राहिलं. १९५३ मध्ये जॅग्वारने डिस्क लावून ल मांची चोवीस तासांची शर्यत जिंकली, तेव्हा कुठे सगळ्यांना पटलं की जोरात पळायचं तर आधी नीट थांबता आलं पाहिजे. म्हणजे हा शोधही शर्यतीमुळेच मान्य झाला. हे आमच्या गाडामालकांना कळलं तर ते सुप्रीम कोर्टात पुरवणी अर्ज करतील.

तर गाडी शेवटी नारायणगावच्या मिस्त्रींकडे गेली. मिस्त्रींचं पंचांग वेगळं आहे. टोमॅटोच्या हंगामात पिकअप. पाडव्याच्या आधी तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागल्या की फडांचे ट्रक, कारण पुढे चैत्र-वैशाखात यात्रा-यात्रांना रात्री-अपरात्री पळायचं असतं. या दोन्हींच्या मधल्या फटीत माझी ११८ एनई शिरली. मिस्त्रींनी चक्कर मारली, येऊन बाकावर बसले, तंबाखू मळली.

"डिस्क वाकली म्हणतात," मी म्हटलं.

"कोण म्हणतं? बीड कुठं वाकतं का सर? बीड तुटंल. वाकायचं नाय."

हे वाक्य मला कुठल्याही मोटारीच्या पुस्तकापेक्षा आवडलं. डिस्क बिडाची असते. बिडाचा स्वभाव ताठ; मोडेन पण वाकणार नाही. डिस्क वाकली असं जे जगभर म्हणतात, त्यातल्या बहुतेक वेळा डिस्क वाकलेली नसतेच. ती तिरकी बसलेली असते. हबच्या तोंडावर गंजाचा पापुद्रा राहिला, त्यावर डिस्क आवळली, की ती फिरताना किंचित डुलते. हबच्या छोट्या तोंडावरचा कण डिस्कच्या कडेला पोचेपर्यंत जवळजवळ दुप्पट होतो. आता ब्रेक न लावताही दर फेऱ्याला एका जागी डिस्क पॅडला घासते. तीच जागा, रोज, हजारो फेरे. तिथे ती हळूहळू पातळ होते आणि मग ब्रेक दाबला की पॅड जाड-पातळ, जाड-पातळ अशा रस्त्यावरून जातात. म्हणून दुखणं बसवल्यादिवशी नसतं, महिन्या-दोन महिन्यांनी उगवतं; तोवर गॅरेजवाल्याचं बिलही जुनं झालेलं असतं. लेथवर मारलेली डिस्क पुन्हा का बिघडली, याचंही उत्तर यातच. लेथवर ती सरळच होती. पाहुण्यांच्या घरी शहाणं आणि आपल्या घरी वांड अशा पोरासारखं तिचं झालं होतं. आणि घराकडे कोणी बघतच नव्हतं.

"किती आउट असेल?" मी विचारलं.

मिस्त्रींनी अंगठा आणि तर्जनी जवळ आणली, मग आणखी जवळ, मग चिकटवली. "एवढी."

इथे अडचण मापाची होती. मिस्त्रींच्या दुकानातलं सगळ्यात छोटं माप सूत. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलिमीटरला थोडं वर. त्याच्या खाली 'अर्धा सूत', त्याच्या खाली 'हलका हात' आणि त्याच्या खाली 'चालतंय'. आणि कारखान्याची पुस्तकं म्हणतात, डिस्कचं डुलणं साधारण ०.०५ ते ०.१ मिलिमीटरच्या आत हवं. माणसाचा केस साधारण तेवढाच जाड. म्हणजे पुस्तकाला जिथे काळजी वाटायला लागते, तिथून पुढे बरंच अंतर आमच्याकडे 'चालतंय'मध्ये मोडतं. ज्या तालुक्यात खोडदच्या दुर्बिणीच्या पंचेचाळीस-पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तबकड्या म्हणाल त्या ताऱ्याकडे तोंड करतात, त्या तालुक्यात माझी वीतभर तबकडी जागच्या जागी सरळ फिरत नव्हती.

भाचा अवसरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात आहे. त्याच्या एका मित्राकडे स्वतःचं डायल गेज आणि मॅग्नेटिक स्टँड होता. तो त्याने कशासाठी घेतला हे विचारायचं नाही असं ठरवून आम्ही तो रविवारी मिस्त्रींकडे आणला. घड्याळासारखी तबकडी, एक लांब काटा, खाली बारीक टोक. काट्याचं एक घर म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. मिस्त्रींनी तो हातात घेऊन दोन्ही बाजूंनी पाहिला. "वेळ काय दाखवतंय?"

डावं चाक काढलं. आधी बेरिंग. हब हाताने मागे-पुढे हलवून बघितला, ढिला लागला, नट बेताने आवळला. नाहीतर काटा बेरिंगची चुगली करायचा आणि शिक्षा डिस्कला व्हायची. मग चाकाच्या बोल्टांना वायसर घालून डिस्क हबवर घट्ट धरली. स्टँडचं लोहचुंबक मागच्या लोखंडाला चिकटलं. टोक डिस्कच्या कडेपासून बोटभर आत टेकवलं, काटा शून्यावर आणला. भाचा म्हणाला, "मामा, हळू फिरवा."

एव्हाना बाजार आटोपलेले चार-पाच जण उभे होते. डिस्क फिरली, काटा सरकला, थांबला, परत आला. सगळ्यांना पहिल्याच फेऱ्यात कळलं की इथे आकडा निघतोय, आणि आकडा निघतो तिथे आमचा माणूस हलत नाही. एकाने, बहुधा घाटात माइक धरणारा असावा, तिथल्या तिथे सुरू केलं: "आला, आला, काटा आला! पॉइंट दहा! पॉइंट चौदा! पॉइंट सोळाऽऽ!" ०.१६ मिलिमीटर. भाच्याने मोबाइलवर हिशेब केला. सुताचा विसावा भाग.

"एवढ्यानं?" मिस्त्री म्हणाले. बऱ्याच वेळाने परत म्हणाले, "एवढ्यानं!"

मायक्रोमीटरने डिस्कची जाडी आठ ठिकाणी घेतली. एका बाजूला ०.०२ मिलिमीटर पातळ. केसाचा तिसरा-चौथा हिस्सा. पायाला कळायला तेवढं पुरतं. माणसाचा पाय या बाबतीत त्याच्या डोळ्यांपेक्षा हुशार असावा. डिस्क उतरवल्यावर हबचं तोंड दिसलं. कडेने गंजाचं तांबूस कडं, आणि एका जागी नखाएवढा पापुद्रा, नव्या डिस्कखाली दबून दगडासारखा झालेला. तीन दुकानं, दोन डिस्का, नाना पेठेचा माळा, आणि चोर हा.

मिस्त्रींनी वायर ब्रश घेतला, मग बारीक पॉलिश पेपर, मग रॉकेलचं फडकं. या कामात त्यांनी कोणाला हात लावू दिला नाही. डिस्क लेथवाल्याकडे गेली, दोन्ही अंगांनी हलका हात मारून दुसऱ्या दिवशी परत आली. बसवली. पब्लिक कालच्यापेक्षा जास्त होतं. काटा: पॉइंट शून्य नऊ.

"चालतंय," गर्दी म्हणाली.

"थांबा," भाचा म्हणाला. हबचं स्वतःचं थोडं वाकडेपण असतं. लेथवर पकडताना डिस्कलाही केसभर इकडं-तिकडं होतं. दोन्ही एकाच दिशेला पडली तर बेरीज होते, समोरासमोर पडली तर वजाबाकी. म्हणून डिस्क काढायची, अर्धी फिरवायची, परत बसवायची. नवं काही लागत नाही. मिस्त्रींना हे पटलं नाही, पण फुकट होतं. बोल्ट सोडले, डिस्क अर्धी फिरवली, बोल्ट एकाआड एक, समोरासमोर, थोडे-थोडे आवळले. पान्यावर उभं राहून उड्या मारायला एक पंक्चरवाला पुढे झाला होता, त्याला मागे ओढलं. बोल्ट एकीकडे जास्त ताणले तरी हेच दुखणं परत येतं. काटा फिरला. पॉइंट शून्य तीन.

टाळ्या पडल्या. निवेदकाने भंडारा उधळायचा तेवढा बाकी ठेवला. एका गाडामालकाने गंभीरपणे विचारलं, "ह्याच्यापेक्षा कमी कोणाचा आहे का तालुक्यात?"

उजव्या चाकाने काही नखरा केला नाही, त्यामुळे तिथे गर्दीही पांगली.

राहिली चाचणी. लेथ मारलेल्या डिस्कवर पॅड बसावे लागतात. त्यासाठी मोकळ्या रस्त्यावर साधारण पन्नासच्या वेगावरून बेताने ब्रेक लावायचा, वेग उतरवायचा, डिस्क थंड होऊ द्यायची, पुन्हा तेच. हे मिस्त्रींना समजावणं सोपं गेलं, कारण आमच्याकडे ब्रेकचा एकच मान्य हिशेब आहे: उसातून बिबट्या आडवा आला तर? संध्याकाळी मिस्त्री चालवायला, मी शेजारी, भाचा मागे. दोन्ही बाजूंना ऊस.

"आला!" मिस्त्री म्हणाले आणि ब्रेक दाबला. स्टेअरिंग गप्प. गाडी झुकून शांतपणे मंदावली.

"गेला," भाचा मागून म्हणाला. "आता थंड होऊ द्या. घाई नको. मग पुढचा."

अशी आम्ही त्या रस्त्यावर बिबट्यांची रांग लावली. एका वस्तीवरच्या म्हाताऱ्या आजोबांनी बॅटरी मारून विचारलं, काय झालं, सारखे का थांबताय? मिस्त्री खिडकीतून म्हणाले, "बिबट्या आबा, बिबट्या." त्या रात्री त्या वस्तीवर फटाके वाजल्याचं नंतर कळलं.

बिलाच्या वेळी मिस्त्री अवघडले. आजवर त्यांच्या बिलात बदललेल्या वस्तू असत. जुनं सामान पिशवीत घालून गिऱ्हाइकाच्या हातात देणं हा त्यांच्या इमानाचा पुरावा. इथे पिशवीत घालायला काहीच नव्हतं. गंजाचा पापुद्रा फडक्यात गुंडाळून द्यावा का, असं त्यांच्या मनात येऊन गेलं असावं. शेवटी त्यांनी लेथचे चारशे वेगळे लिहिले, हब साफ केल्याचे दोनशे, आणि खाली, पेन जरा थांबवून: 'डिस्क अर्धी फिरवणे, ३००.'

बायकोने बिल दोनदा वाचलं. "मिस्त्री, अर्धी फिरवायचे तीनशे? मग पूर्ण फिरवली असती तर सहाशे घेतले असते का?"

मिस्त्रींनी चष्मा काढला. "नाय वहिनी. पूर्ण फिरवली असती तर होती तिथंच आली असती. त्याचे पैसे आपण घेत नाय. ते बाकीचे घेतात."